पीसी स्लो का चालतोय? कामगिरी बघायच्या साधनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांसाठी आहे. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. इथली बहुतेक साधनं फुकट आहेत आणि सगळ्यात कामाची तर मशीनमध्ये आधीपासूनच असतात.

कॉम्प्युटर फार स्लो झालाय. आधी कोणतं सॉफ्टवेअर टाकू?

काहीही टाकू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटीशी खिडकी आली तर खाली ‘मोर डिटेल्स’वर क्लिक करा. दहातल्या आठ तक्रारींचा माग इथेच लागतो असं माझं मत आहे.

हा प्रोग्राम डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याने लिहिला आणि १९९६च्या विंडोज एनटी ४.० मध्ये तो पहिल्यांदा आला. बाकी सगळं अडकलेलं असतानाही उघडता यावा, हा त्याच्या रचनेचा मूळ हेतू. म्हणून माउस हलेनासा झाला तरी ही तीन बटणं दाबून बघा आणि मिनिटभर थांबा. लगेच पॉवरचं बटण दाबून धरू नका.

उघडला. आता बघायचं काय?

‘प्रोसेसेस’मध्ये सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे रकाने दिसतात. ज्याची टक्केवारी चढलेली आहे त्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो.

एक पथ्य मात्र पाळा: मशीन रखडलेलं असतानाच बघा. बरेच जण सगळं सुरळीत चालू असताना टास्क मॅनेजर उघडतात, आकडे बघून घाबरतात आणि भलत्याच गोष्टीच्या मागे लागतात. ही साप म्हणून भुई धोपटण्याची गत झाली. शिवाय टास्क मॅनेजर उघडताना तो स्वतःही थोडा सीपीयू खातो, त्यामुळे पहिल्या पाच-दहा सेकंदांचे आकडे सोडून द्या.

सीपीयू १०० टक्के दिसतोय. बिघडलाय का?

बहुधा नाही. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना, मोठी झिप फाइल उघडताना किंवा अपडेट बसताना सीपीयूने १०० टक्क्यांवर जाणं हेच त्याचं काम. तुम्ही पैसे मोजले आहेत ते त्यासाठीच. तुम्ही काहीच करत नसताना तो शंभरावर असेल, तर कोण खातंय ते शोधायचं.

खरी मेख उलट्या बाजूला आहे. सीपीयू जेमतेम १३ टक्के दिसतो आणि तरी टॅली किंवा एखादी जुनी एक्सेल फाइल रखडलेली असते. असं का? आठ थ्रेडच्या (म्हणजे एका वेळी आठ कामं चालवू शकणाऱ्या) प्रोसेसरवर एकाच थ्रेडवर चालणारा प्रोग्राम जीव तोडून काम करत असेल, तर एकूण आकडा १०० भागिले ८, म्हणजे साडेबारा टक्केच दिसणार. त्या प्रोग्रामच्या दृष्टीने सीपीयू पुरता भरलेला आहे, पण एकूण आलेख निवांत दिसतो. हे पकडायचं तर ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करा आणि ‘चेंज ग्राफ टू’मधून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा. आता आठ छोटे आलेख दिसतील. त्यातला एखादा छताला टेकलेला असेल, किंवा विंडोज काम एका कोअरवरून (प्रोसेसरच्या आतला स्वतंत्र विभाग) दुसऱ्यावर हलवत असेल तर दोन-तीन आलेख आळीपाळीने उसळताना दिसतील. अशा वेळी जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन उपयोग नसतो. प्रत्येक कोअर वेगवान असलेला लागतो.

त्याच पानावर ‘स्पीड’ नावाचा आकडाही असतो. त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही, पण तो बरंच काही सांगतो. प्रोसेसरचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्‌झ लिहिलेला आहे आणि भर कामात स्पीड मात्र ०.८ वर अडकलेला आहे, तर सीपीयूचा गळा कोणीतरी आवळून धरलाय. तो उष्णतेने आवळलेला असतो, नाहीतर लॅपटॉपला चार्जर कमी ताकदीचा लावलेला असतो, नाहीतर बॅटरी सेव्हर चालू राहिलेला असतो.

‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ ९५ टक्के सीपीयू खातेय. बंद कशी करू?

ती काही खात नाही. आयडल म्हणजे रिकामा. सीपीयूचा ९५ टक्के वेळ रिकामा जातोय एवढाच त्याचा अर्थ.

मग बाकीची ही अनोळखी नावं कोणाची?

नेहमी विचारली जातात ती सांगतो. ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ म्हणजे विंडोजचा स्वतःचा डिफेंडर. तो मधूनमधून स्कॅन करतो. जुन्या लॅपटॉपवर त्याचा ताण जाणवतो, पण म्हणून तो कायमचा बंद करू नका. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ म्हणजे अपडेट चालू आहे. अर्धा-एक तास त्याच्या वाटेला जाऊ नका. ‘मेमरी कम्प्रेशन’ म्हणजे रॅममधलाच मजकूर दाबून बसवणं. ते चांगलंच आहे. ‘सिसमेन’ हे पूर्वीच्या सुपरफेचचं नवं नाव. तुम्ही जे प्रोग्राम वारंवार उघडता ते आधीच रॅममध्ये आणून ठेवायचं काम तो करतो.

‘सिस्टिम इंटरप्ट्स’ हा प्रोग्राम नव्हे. हार्डवेअर सीपीयूला हाका मारतं, त्या हाकांना ओ देण्यात गेलेल्या वेळाची ती नोंद आहे. हा आकडा एखाद-दोन टक्क्यांच्या वर सतत राहत असेल तर एखादा ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्राम) किंवा यूएसबीला लावलेली वस्तू गडबड करतेय. एकेक वस्तू काढून बघा.

काहीच उघडलेलं नाही, तरी ८ जीबी रॅम निम्मी भरलेली दिसते. रॅम साफ करणारं ॲप टाकू का?

नको. रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम. विंडोज मोकळ्या जागेत आधी वाचलेल्या फाइली ठेवून देतं, म्हणजे पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जावं लागत नाही. याला ‘स्टँडबाय’ म्हणतात आणि दुसऱ्या प्रोग्रामला जागा लागली की विंडोज ती तत्काळ सोडून देतं. साफ करणारी ॲप हाच साठा फेकून देतात. आकडा छान दिसतो आणि पुढचा प्रोग्राम उघडायला मात्र जास्त वेळ लागतो. रोगापेक्षा इलाज भयंकर!

रॅम खरोखर अपुरी पडतेय का, हे दोन ठिकाणी कळतं. टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर ‘कमिटेड’ म्हणून दोन आकडे असतात. पहिला म्हणजे प्रोग्रामांनी मागितलेली जागा, दुसरा म्हणजे रॅम आणि पेज फाइल (रॅम अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) मिळून असलेली मर्यादा. पहिला दुसऱ्याच्या जवळ जाऊन भिडला की प्रोग्राम आपोआप बंद पडायला लागतात. दुसरी खूण ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये (तो कसा उघडायचा ते पुढे आहे), मेमरीच्या पानावर: ‘हार्ड फॉल्ट्स’. नावात फॉल्ट असला तरी एखाद-दुसरा दिसणं हा दोष नाही. हवं असलेलं रॅममध्ये सापडलं नाही आणि डिस्कवरून आणावं लागलं, एवढंच. मात्र दर सेकंदाला शेकड्यांनी हार्ड फॉल्ट होत राहिले आणि त्याच वेळी डिस्कही धावत असेल, तर रॅम वाढवायचा खर्च सार्थकी लागेल.

विकत घ्यायला जाण्याआधी त्याच मेमरी पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. ‘२ पैकी १’ असेल तर दुसरी पट्टी बसवायला जागा आहे आणि दोन पट्ट्या झाल्या की ड्युअल चॅनलमुळे (दोन्ही पट्ट्या एकदम वापरल्या जातात), विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनवर, चांगलाच फरक पडतो. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डकवलेली असते, तिथे मात्र काही करता येत नाही.

रॅम क्रोमच खातंय. कोणता टॅब खातोय ते कसं कळणार?

क्रोमचा स्वतःचा वेगळा टास्क मॅनेजर असतो. क्रोम समोर असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा. प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शन किती मेमरी घेतंय ते दिसतं. बऱ्याचदा चोर टॅब नसतोच. कधीकाळी टाकलेलं आणि विसरलेलं एक्स्टेन्शन निघतं.

डिस्क १०० टक्के दिसते, पण वेग फक्त १ एमबी प्रति सेकंद. हे कसं शक्य आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

टास्क मॅनेजरमधली डिस्कची टक्केवारी म्हणजे ‘ॲक्टिव्ह टाइम’. डिस्क किती वेळ कामात गुंतलेली होती एवढंच ती सांगते. तेवढ्या वेळात काम किती उरकलं, हे त्यात नसतं.

आता जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा हिशोब मांडू. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरी साधारण ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदांच्या आसपास. त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेला एक तुकडा वाचायला १२-१३ मिलिसेकंद गेले. सेकंदाला असे जेमतेम ७५ ते ८० तुकडे होतात. एकेक तुकडा ४ केबीचा धरला, तर सेकंदाला सुमारे ३०० केबी! लॅपटॉपमधल्या ५४०० आरपीएमच्या डिस्कची अवस्था याहून वाईट. तीच डिस्क सलग मोठी फाइल वाचताना सेकंदाला १०० एमबीच्या वर सहज जाते. म्हणजे १ एमबीवर ती १०० टक्के व्यग्र असणं हा बिघाड असेलच असं नाही. तिला चहूकडून बारीक बारीक कामं एकदम सांगितली जात आहेत. सुरू होताच डिफेंडर, अपडेट, सर्च इंडेक्सिंग आणि वनड्राइव्ह असे चौघे एकाच वेळी मागायला उभे राहतात आणि डिस्क या टोकावरून त्या टोकाला पळत राहते.

एसएसडीत हलणारा भागच नाही, त्यामुळे हा वेळ जवळपास नाहीसा होतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर डावीकडे डिस्कच्या नावाखाली एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) की एसएसडी ते लिहिलेलं असतं. तिथे एचडीडी दिसलं आणि त्याच डिस्कवर विंडोज असेल, तर पुढचे प्रश्न वाचायच्या आधी साधी साटा एसएसडी बसवून घ्या. प्रोसेसर किंवा रॅम बदलण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो, आणि हे मी कोणत्याही जुन्या मशीनबद्दल डोळे मिटून सांगेन.

एसएसडी असूनही डिस्क १०० टक्क्यांवर अडकत असेल तर प्रकरण वेगळं. त्याच पानावर ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ बघा. चांगल्या एसएसडीवर तो बहुतेक वेळ एका मिलिसेकंदाच्या आतबाहेर असतो. तो शेकडो मिलिसेकंदांवर जात असेल तर डिस्क गच्च भरलेली आहे का बघा, आणि मग तिची प्रकृती तपासा. ते कसं, हे पुढे आहे.

रिसोर्स मॉनिटर आणि परफॉर्मन्स मॉनिटर हे दोन वेगळे कशाला?

दोन्ही विंडोजमध्येच असतात. स्टार्टमध्ये इंग्रजीत नाव टाइप करा.

रिसोर्स मॉनिटर ‘आत्ता’साठी. टास्क मॅनेजर सांगतो की अमुक प्रोग्राम डिस्क खातोय. रिसोर्स मॉनिटर सांगतो की तो नेमकी कोणती फाइल वाचतोय आणि तिला किती मिलिसेकंद लागतायत. नेटवर्कच्या पानावर कोणता प्रोग्राम कुठल्या पत्त्याशी बोलतोय तेही दिसतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांचा डेटा कोण संपवतंय ते इथे सापडतं.

परफॉर्मन्स मॉनिटर ‘रात्रभरा’साठी. मशीन रोज दुपारी तीनच्या सुमारास अडकतं आणि तुम्ही तिथे नसता, तर त्यात ‘डेटा कलेक्टर सेट’ बनवून ठेवा. तो ठराविक सेकंदांनी आकडे फाइलमध्ये लिहीत राहतो. मोजायचे काउंटर शेकडो आहेत आणि यादी बघूनच माणूस दमतो. सुरुवातीला चार पुरेत: उपलब्ध मेमरीचे एमबी, प्रोसेसरचा वेळ, प्रोसेसरच्या रांगेची लांबी आणि डिस्कच्या प्रत्येक वाचनाला लागणारे सेकंद. शेवटचा आकडा सेकंदांत असतो, म्हणजे ०.०२५ म्हणजे २५ मिलिसेकंद. त्याच्या वर सतत राहिला तर डिस्क मागे पडतेय.

याच कुटुंबातला तिसरा भाऊ ‘रिलायबिलिटी मॉनिटर’. कोणत्या तारखेला काय कोसळलं आणि त्याआधी कोणतं अपडेट किंवा सॉफ्टवेअर बसलं, हे तो कॅलेंडरसारखं मांडून दाखवतो. ‘परवापासून असं होतंय’ म्हणणाऱ्याला आधी हेच दाखवावं.

प्रोसेस एक्सप्लोररचं एवढं कौतुक का?

कारण टास्क मॅनेजरचंच काम करणारं हे साधन त्याच्यापेक्षा खोलात जातं. कोणत्या प्रोग्रामने कोणाला जन्म दिला हे झाडासारखं दिसतं. एखादी फाइल डिलीट होत नाही आणि विंडोज म्हणतं ‘वापरात आहे’, तर ती कोणी धरून ठेवलीय ते शोधता येतं. एखाद्या प्रोसेसचा संशय आला तर तिचा ठसा व्हायरसटोटलकडे (फाइलींत व्हायरस तपासणारी वेबसाइट) पाठवून ताडून बघता येतो.

मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या सिसइंटर्नल्स या संचातलं हे साधन. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनीच विकत घेतली आणि तेव्हापासून हा संच मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट मिळतो. इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडून चालवायचं. याच संचातलं ‘ऑटोरन्स’ही घ्या. मशीन सुरू होताना आपोआप काय काय चालू होतं याची इतकी संपूर्ण यादी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर मिळत नाही. फक्त त्यातली प्रत्येक ओळ ओळखीची असेल असं समजू नका, आणि जी ओळखत नाही ती उगाच काढू नका.

तापमान किती असलं तर ठीक?

विंडोज स्वतःहून सीपीयूचं तापमान दाखवत नाही. टास्क मॅनेजर वेगळ्या ग्राफिक्स कार्डचं तेवढं दाखवतो. सीपीयूच्या तापमानासाठी ‘एचडब्ल्यूइन्फो’ टाका आणि उघडताना ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडा. आत्ताचा, सगळ्यात कमी, सगळ्यात जास्त आणि सरासरी असे चार आकडे प्रत्येक सेन्सरचे येतात. पाच-पंचवीस ओळी बघून गांगरू नका. आपल्याला दोन हव्यात: सीपीयू पॅकेजचं तापमान, आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’ (उष्णतेमुळे वेग कमी करणं) समोर हो आहे की नाही.

आकड्यांबद्दल गैरसमज फार आहेत. इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची वरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि तिथे पोचल्यावर प्रोसेसर जळत नाही, स्वतःचा वेग कमी करतो. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले डेस्कटॉप प्रोसेसर तर पूर्ण ताणाखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत. म्हणून जड काम करताना ८५ दिसले तर झोप उडवून घेऊ नका. काहीच न करता ७५-८० दिसत असतील तर मात्र पंखा किंवा थर्मल पेस्ट बघायला हवी.

आणि खोलीचं तापमान विसरू नका. कूलर आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली १५ अंशांनी तापली की सीपीयूही साधारण तेवढाच वर जातो. त्यामुळे परदेशी यूट्यूबरने एसी लावलेल्या खोलीत दाखवलेले आकडे मे महिन्यात चंद्रपुरात किंवा अकोल्यात बसून जुळवू नका. विदर्भातल्या उन्हाळ्यात, जाळीत धूळ बसलेला आणि गादीवर ठेवून वापरलेला लॅपटॉप दुपारी स्लो आणि रात्री बरा चालत असेल, तर त्याला व्हायरस झालेला नाही. ‘थ्रॉटलिंग’समोर ‘येस’ दिसेल. जाळी साफ करून घ्या, खाली कडक पृष्ठभाग द्या आणि मग पुन्हा मोजा.

अशी साधनं टाकल्यावर डिफेंडर ओरडतो. ती धोकादायक आहेत का?

तापमान आणि पंख्याचा वेग वाचायला विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरावं लागतं आणि त्यासाठी ड्रायव्हर लागतो. अनेक फुकट साधनं ‘विनरिंगझीरो’ नावाचा एकच जुना ड्रायव्हर वापरत आली. त्यात २०२० सालीच नोंदलेली त्रुटी आहे: दुसरा कोणीही प्रोग्राम त्याच्या आडून मशीनवर पूर्ण ताबा मिळवू शकतो. मार्च २०२५ मध्ये डिफेंडरने हा ड्रायव्हर पकडायला सुरुवात केली आणि ‘फॅन कंट्रोल’सारखी लोकप्रिय साधनं वापरणाऱ्यांकडे एकाएकी इशारे यायला लागले. साधन बनवणारे बदमाश नव्हते, पण इशाराही खोटा नव्हता.

म्हणून माझा सल्ला: साधन मूळ साइटवरूनच घ्या, ताजी आवृत्ती घ्या, काम झालं की काढून टाका, आणि डिफेंडर अडवत असेल तर त्याला अपवाद घालून देण्यापेक्षा दुसरं साधन शोधा.

हार्ड डिस्क जायला टेकलीय हे आधी कळतं का?

बरेचदा कळतं, नेहमी नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीची ‘स्मार्ट’ नावाची नोंद ठेवते आणि ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे छोटं साधन ती वाचून दाखवतं. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट.

फिरत्या डिस्कसाठी तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झालेल्या जागांऐवजी वापरलेल्या राखीव जागा, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकाल प्रलंबित असलेल्या जागा, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेल्या जागा. या तिन्ही शून्य हव्यात. आकडे सोळाच्या पायातले असतात, ते ‘फंक्शन’ मेन्यूतून दशमानात बदलून घ्या, नाहीतर शेवटी ‘६४’ बघून चौसष्ट समजाल आणि ते असतील शंभर. सी७ वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून बघा. एनव्हीएमई (नव्या, जास्त वेगवान प्रकारच्या) एसएसडीवर या ओळी नसतात. तिथे ‘पर्सेंटेज यूज्ड’ म्हणजे अपेक्षित आयुष्यापैकी किती संपलं ते बघायचं.

पण निळ्या रंगावर विसंबून राहू नका. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी तापमान सोडता ‘स्मार्ट’च्या कुठल्याच नोंदीत आधी इशारा दिलेला नव्हता. तेव्हा पिवळा दिसला तर त्याच दिवशी बॅकअप घ्या, आणि निळा असला तरी घ्या.

लॅपटॉपची बॅटरी किती उरलीय?

कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘पॉवरसीएफजी’, जागा, तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. तयार झालेल्या अहवालाचा पत्ता तिथेच दिसतो, तो ब्राउझरमध्ये उघडतो. ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ यांची तुलना करा. जुना लॅपटॉप विकत घेताना ही दोन मिनिटं नक्की खर्च करा. विक्रेत्याने नाही म्हटलं तर तेही उत्तरच आहे.

गेम अडखळतो. ग्राफिक्स कार्ड बदलू का?

‘एमएसआय आफ्टरबर्नर’ आणि त्यासोबत येणारा ‘रिवाट्यूनर’ टाका. कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालतं. गेमच्या कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) आणि वापराचे आकडे दिसतील. इतकं नको असेल तर विंडोज आणि जी दाबून येणारा गेम बारही चालेल.

ग्राफिक्स कार्ड ९७-९९ टक्क्यांवर असेल तर ते पूर्ण वसूल होतंय. एफपीएस कमी वाटत असतील तर गेमची सेटिंग उतरवा किंवा मग कार्ड बदला. कार्ड ५०-६० टक्क्यांवर आणि सीपीयूचा एखादा कोअर गच्च, तर नवं कार्ड घेऊन पैसे पाण्यात. सरासरी एफपीएसइतकंच ‘१ पर्सेंट लो’कडेही (सगळ्यात संथ एक टक्का चित्रांचा एफपीएस) बघा. सरासरी ६० म्हणजे प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद, पण मधूनच एखादं चित्र १०० मिलिसेकंद घेतं तेव्हा हाताला झटका जाणवतो आणि सरासरीत तो बुडून जातो.

बाकी सगळं ठीक, पण गाणं ऐकताना किंवा रेकॉर्डिंग करताना आवाज तुटतो.

‘लेटन्सीमॉन’ दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. कोणता ड्रायव्हर सीपीयूला अडवून बसतोय त्याचं नाव तो देतो. बऱ्याचदा वायफायचा किंवा ग्राफिक्सचा निघतो.

क्लीनर, बूस्टर, ऑप्टिमायझर यांपैकी कोणतं चांगलं?

एकही नाही. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) साफ केल्याने मशीन वेगवान होत नाही. उरलेली कामं विंडोजचं ‘स्टोरेज’ सेटिंग फुकट करतं. आणि जोखीम खरी आहे: २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या प्रसिद्ध साधनाच्या अधिकृत ५.३३ आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती सुमारे २२.७ लाख लोकांच्या मशीनवर गेली होती. चालत्या पानावर ‘तुमच्या पीसीत १,२४३ दोष सापडले’ असं उड्या मारत येणाऱ्या जाहिरातींबद्दल तर बोलायलाच नको.

टास्क मॅनेजर उघडला की पंखा शांत होतो, बंद केला की पुन्हा घोंघावतो. भास आहे का?

भास नसू शकतो. गुपचूप क्रिप्टो नाणी खणणारे काही मालवेअर टास्क मॅनेजर उघडलेला दिसला की काम थांबवतात. एचडब्ल्यूइन्फोसारखं साधन तासभर मागे चालू ठेवा आणि सीपीयूचा वापर फाइलमध्ये नोंदवा. तुम्ही काही करत नसताना तो उंच असेल, तर डिफेंडरचा ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर अलीकडे टाकलं होतं का, हेही मनाशी आठवून बघा.

मी रोज रात्री शटडाउन करतो, तरी ‘अप टाइम’ १८ दिवस का दाखवतो?

विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे. शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठतो. म्हणून बिघडलेला ड्रायव्हरही तसाच उठतो. ‘रीस्टार्ट’ने मात्र सगळं नव्याने सुरू होतं. ‘बंद करून चालू केलं’ आणि ‘रीस्टार्ट केलं’ यांत विंडोजमध्ये इतका फरक आहे. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा.

लिनक्स आणि मॅकवर काय वापरायचं?

लिनक्सवर ‘टॉप’ असतोच. विल्यम लफेव्ह्र यांनी १९८४ मध्ये बर्कलीच्या युनिक्ससाठी लिहिलेल्या साधनाचं हे नाव आजही चालतंय. डोळ्यांना बरं हवं असेल तर ‘एचटॉप’ टाका. ‘लोड ॲव्हरेज’ (चालू आणि रांगेत थांबलेल्या कामांची सरासरी) वाचताना एक लक्षात ठेवा: लिनक्समध्ये डिस्कची वाट बघत अडकलेली कामंही त्यात मोजली जातात. म्हणून सीपीयू रिकामा आणि लोड १० असं दृश्य दिसू शकतं. तिथे पाणी डिस्कमध्ये मुरतंय.

मॅकवर ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’. मेमरीच्या पानावर किती जीबी भरली हे सोडा, खालचा ‘मेमरी प्रेशर’चा आलेख बघा. हिरवा आहे तोवर चिंता नाही. ‘कर्नल टास्क’ भरमसाट सीपीयू खाताना दिसला तर तो बहुधा मशीन थंड करण्यासाठी इतरांना मुद्दाम अडवून धरतोय. मॅक सावलीत घ्या, हवा लागू द्या.

शेवटी दुकानातच न्यायचं ठरवलं. सोबत काय नेऊ?

चार गोष्टी. मशीन रखडलेलं असतानाचे टास्क मॅनेजरचे स्क्रीनशॉट: सीपीयू, मेमरी आणि डिस्क, तिन्ही पानांचे. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या खिडकीचा फोटो. एचडब्ल्यूइन्फोने नोंदवलेली अर्ध्या तासाची फाइल, ती एक्सेलमध्ये उघडते. आणि रिलायबिलिटी मॉनिटरमध्ये तक्रार सुरू झाल्याची तारीख.

नुसतं ‘हँग होतो’ असं सांगितलं की पहिला उपाय ‘फॉर्मॅट मारू’ हाच येतो. फॉर्मॅटने काही तक्रारी जातातही, पण धूळ, मरत आलेली डिस्क आणि अपुरी रॅम यांतलं काहीच त्याने जात नाही. हे कागद समोर ठेवले की बोलणं थेट सुट्या भागावर येतं. जुना भाग बदलला तर तो परत मागून घ्या. डिस्क असेल तर नक्कीच, कारण तुमच्या फाइली अजून तिच्यावरच आहेत.